सव्वीस पेट्या आणि एक गोटा

आमची पहिली गाठ भांडणात पडली, आणि भांडण होतं एका दगडावरून.

लोणारला धारेच्या खाली, जिथून गोड पाण्याचा ओघळ खाऱ्या तळ्याकडं उतरतो, तिथं माझा एक दगड होता. आधी तो माझ्या आईचा होता, मंजुळाबाईचा. लग्न होऊन आल्यापासून तिनं त्याच्यावर मुळे धुतले, लुगडी आपटली, आणि मी हाताशी आल्यावर तो माझ्याकडं आला. सपाट, मधे जरासा खोलगट... हात ठेवला की ओळख दाखवायचा. मार्गशीर्षातल्या एका सकाळी मी मेथीची टोपली घेऊन उतरले, तर खाकी पँट घातलेला एक माणूस त्या दगडावर हातोडा घालत होता. मी पोचेपर्यंत दगडाचे दोन तुकडे झाले होते.

“काऊन फोडला तो गोटा?”

त्यानं वळून पाहिलं. कपाळभर दगडाचा भुगा आणि त्यातून उतरलेल्या घामाच्या दोन रेघा. “नमुना पाह्यजे होता,” तो म्हणाला.

“साऱ्या लोणारात गोटेच गोटे हायेत. तुम्हाले माहाच सापडला?”

“त्याच्यावर तुमचं नाव नव्हतं, बाई.”

“असतं तरी मले वाचता आलं नसतं.”

हे मी का बोलले, कोण जाणे. राग आला की माझ्या तोंडून खरं तेवढंच निघतं. याच खोडीपायी दोन स्थळं आमच्या दारातून परत गेली होती, आणि गावात माझं नाव भामा असलं तरी लोक मला तोंडाळ म्हणूनच ओळखायचे.

तो सरकारी खोदकामावरचा होता. महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती तेव्हा. तळ्याकाठी यंत्र बसवून भुईत नळी घालायचं काम नुकतंच सुरू झालं होतं. त्यानं हातोडा खाली ठेवून मला समजावलं, की एका साहेबाच्या मते हा एवढा मोठा खड्डा आभाळातून दगड पडून झाला, आणि दुसऱ्याच्या मते भुईच्या पोटातल्या आगीनं झाला. आता खोदून निकाल लावायचा. मी म्हणाले, निकाल कधीच लागलाय. लवणासुर या बिळात राहायचा, विष्णूनं अंगठ्यानं वरचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. गावात देऊळ आहे, जाऊन पाहा.

तो विचारात पडला. मग शांतपणे म्हणाला, “म्हंजे वरून कोणीतरी जोरात येऊन आदळलं, हे तुम्हालेही मान्य हाये.”

माझाच देव त्यानं माझ्यावर उलटवला, म्हणून अधिक राग आला. बापाला सांगून तक्रार करावी, या विचारानं मी त्याचं नाव विचारलं.

“उकंडा.”

आणि मी हसले. आमच्याकडं एखाद्या घरात पोरं जगत नसली, की पुढचं पोर उकिरड्यावर लोळवतात आणि त्याचं नाव उकंडा ठेवतात. मरणानं त्याला कचरा समजून सोडून द्यावं म्हणून. नाव काही नवं नव्हतं. पण आभाळातल्या गोष्टी सांगणारा हा माणूस, आणि नाव उकंडा... मी हसले, तोही हसला, आणि मग मला माझाच राग आला. ज्यानं आपला दगड फोडला त्याच्यासमोर कोणी हसतं का?

“गोटा भरून दिल्याबिगर मी तुमच्याशी बोलणार नाही,” असं सांगून मी चिखलातच मेथी धुतली आणि वर आले.

पुढं चार महिने मी त्याच्याशी बोलायची थांबले नाही.

झालं असं, की खोदकामावर दगड धुवायला बाई हवी होती. माझा बाप मोतीराम, त्याची तळ्याच्या उतारावर पपई-वांग्यांची बाग होती. त्यानं मला विचारलं नाही, फक्त सांगितलं, उद्यापासून जाय. यंत्राच्या नळीतून दगड काकडीसारखे गोल आणि लांब निघायचे, चिखलानं माखलेले. मी ते बादलीत धुवायची आणि उकंडा ते लाकडी पेट्यांतल्या लांब कप्प्यांत ओळीनं मांडायचा. ओळीत मधे मधे तो लाकडाचा एकेक लहान ठोकळा ठेवायचा, त्यावर पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं असायचं. मला वाटायचं, दगड घरंगळू नयेत म्हणून ही पाचर असावी.

पहिल्या दिवशी त्यानं मला सांगितलं, की वरचा दगड नवा, खालचा जुना. नळी जितकी खोल जाईल तितके आपण मागं जाऊ.

“किती मागं?”

“तुमच्या आज्याच्या आज्याच्या... नाही, माणूसच नव्हतं तेव्हा.”

“माणूस नव्हतं तर पाह्यलं कोणं?”

“गोट्यानं,” तो म्हणाला, आणि माझ्या हातातला ओला दगड काढून घेताना त्याचं बोट माझ्या बोटाला लागलं. त्यानं मुद्दाम लावलं नाही, हे मला माहीत होतं. त्याचाही राग आलाच.

नळी जशी खाली गेली तसा तोही मागं मागं गेला. आधी आभाळातून पडलेल्या दगडाची गोष्ट झाली, ज्यानं इथला खडक पिठासारखा दळला. मग त्याच्याही फार आधीची गोष्ट. तळ्याच्या पाण्यावर हिरवा रंग कशाचा, तर डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचा. आणि अशाच कुठल्यातरी कोमट खाऱ्या पाण्यात पहिला जीव झाला असावा, असं साहेब म्हणतात. मी म्हणाले, या सडक्या अंड्याच्या वासात? तो म्हणाला, बाळंतिणीच्या खोलीला कुठं अत्तराचा वास असतो? त्या दिवशी मी त्याच्याशी दुपारपर्यंत बोलले नाही. बाळंतपणाची गोष्ट परक्या बाईसमोर अशी काढतात का? पण घरी जाताना तळ्याकडं पाहिलं, आणि पहिल्यांदाच नाकाला पदर लावला नाही.

मग समुद्र भरेपर्यंत पडलेल्या पावसाची गोष्ट झाली. मग लाल रसासारखी उकळणारी भुई, मग सूर्य. माघात एकदा माझ्या बोटाला दगडाची कड लागून रक्त आलं, तर तो म्हणाला, या रक्तात लोखंड आहे आणि ते एखाद्या ताऱ्यात शिजलेलं आहे. तारा जळून फुटला, त्याची राख पसरली, त्या राखेतून भुई झाली, आपण झालो. तुमच्या नथीतलं सोनंसुद्धा तिथलंच.

“ही नथ मेहकरच्या सोनाराची हाये.”

“त्याच्या आधी कोणाची होती, ते सांगून राह्यलो.” आणि मग, मान खाली घालून, “म्हंजे पाहा... सारेच उकिरड्यावरचे. मी एकटाच नाही.”

त्यानं माझ्या बोटाला स्वतःच्या रुमालाची चिंधी बांधली. गाठ मारायला त्याला फार वेळ लागला... एवढ्या मोठ्या यंत्राचे नट आवळणाऱ्या माणसाला.

शेवटी एकदा तो अगदी सुरुवातीला पोचला. सगळं, म्हणजे तारे, तळं, मी, तो, एका बिंदूएवढ्या जागेत होतं, आणि तिथून सगळं पसरलं, असं काही शहाणे लोक मानतात. मी विचारलं, त्या बिंदूच्या आधी काय होतं? तो म्हणाला, साहेबाला विचारलं होतं, साहेबालाही माहीत नाही. एवढं सगळं मागं नेऊन, ऐन दारात आणून, माणूस म्हणतो माहीत नाही. मला इतका संताप आला की त्या दिवशीचा शेवटचा दगड मी धुतला आणि त्याच्या हातात न देता बादलीजवळच ठेवून निघून आले.

फाल्गुनात यंत्राचं पातं मोडलं आणि नवं आणायला उकंडा एसटीनं मेहकरला गेला. साहेब गुरुवारी येऊन पेट्या नेणार होते, खोदकाम संपत आलं होतं. तो गेला त्याच दुपारी अवकाळी पाऊस आला, गारांसकट. पेट्यांच्या शेडचे पत्रे उडाले. कामावरची माणसं यंत्राला ताडपत्री बांधत होती, पेट्यांकडं कोणी पाहिना. मी एकटीनं सव्वीस पेट्या ओढून टेकाडाच्या आडोशाला नेल्या. ओल्या पेट्यांचे तळ निखळले, दगड चिखलात पडले. दोन दिवस मी ते सगळे दगड पुन्हा धुतले, पेट्यांना खिळे मारले आणि दगड नीट लावले. बाजारात वांगी लावतात तसे. काळे काळ्यांत, राखाडी राखाड्यांत, लांब एका बाजूला, चुरा एका बाजूला. इतकं देखणं काम मी आजवर केलं नव्हतं.

तो परत आला तेव्हा पाऊस चालूच होता. डोक्यापासून भिजलेला, ओठ निळे पडलेले. चहा ठेवावा म्हटलं तर एक काडी कोरडी नव्हती. फक्त ते ठोकळे तेवढे मी पदरात बांधून जपले होते. ते चुलीत घातले. छान पेटले.

त्यानं कपाला दोन्ही हात लावून चहा घेतला. “असा चहा मले कोणं पाजला नव्हता,” तो म्हणाला, आणि माझ्याकडं असं पाहिलं, की मी चुलीत फुंकर घालायच्या निमित्तानं खाली वाकले.

मग त्याची नजर पेट्यांवर गेली.

तो एकेक पेटी पाहत शेवटपर्यंत गेला. परत आला. “ठोकळे कुठी हायेत?”

“तुमच्या चहात.”

त्यानं कप खाली ठेवला. ठोकळ्यांवर दगडाची खोली लिहिलेली होती. कुठला दगड किती फुटांवरचा, ते फक्त तिथंच होतं. वहीत नुसते आकडे होते. आता कोणता दगड कुठला, सांगायला काहीच उरलं नव्हतं. चार महिन्यांचं खोदकाम म्हणजे दगडांचे ढीग. त्याची नोकरी गुरुवारपर्यंत.

“अडाणी हायेस तू,” तो म्हणाला. “साऱ्या सृष्टीचं भरीत केलं.”

त्यानं मला पहिल्यांदा तू म्हटलं ते असं. मी चहाचं भांडं त्याच्या पायाशी उपडं केलं आणि चालू लागले. वाटेवर पावसाला शिव्या दिल्या, त्याला दिल्या, ज्या गारांपासून मी त्याचे दगड वाचवले त्या गारांनाही दिल्या. पण अडाणी हा शब्द काही केल्या जाईना. खोटा असता तर त्याच्या तोंडावर फेकून मोकळी झाले असते. शाळेत मी दोनच दिवस गेले होते. तिसऱ्या दिवशी बापानं पाटी काढून घेतली, बागेला पाणी कोण देईल म्हणून. बारा वर्षं मला त्याचा राग आला नव्हता. त्या संध्याकाळी आला. मोतीराम जेवायला बसला होता, मी त्याच्यासमोर भाकरी ठेवली आणि म्हणाले, “बाबा, त्या दोन दिवसांत मी पाचपर्यंत शिकले होते.” बापानं भाकरी अर्धीच खाल्ली.

उजाडताच मी खाली गेले. पाऊस थांबला होता, झाडं ठिबकत होती. उकंडा वही मांडीवर घेऊन पेट्यांसमोर बसला होता, बहुतेक तसाच बसलेला.

“घ्या पेन्सिल,” मी म्हणाले. “अन् नवे ठोकळे कापा.”

“काय लिहू? मले काही...”

“मले माहीत हाये. सारे गोटे माह्या हातानं धुतले. तुम्ही नुसते मांडले.”

मी राखाड्या ढिगातून एक दगड उचलला. खरखरीत, एका कडेला हिरवट ठिपका. “हा पहिल्या दिवशीचा. आभाळातून गोटा पडला, खडकाचं पीठ झालं, असं तुम्ही म्हणे. तुम्ही तेव्हा त्या बाजूनं बसले होते, डोळ्यावर ऊन येत होतं.” मग दुसरा. “याच्या अंगावर सुरकुत्या. हा बाळंतिणीच्या खोलीचा. दुपारपर्यंत मी बोलली नाही, म्हून हा मी तीनदा धुतला.” मग पावसाचा, जड आणि गुळगुळीत. मग उकळत्या भुईचा, ज्यात बारीक भोकं होती. मग लोखंडाचा. तो मला शोधावा लागला नाही, ज्या कडेनं कापलं होतं तिथं माझं बोटच गेलं.

दगडाशी दगड लावला की तुटलेल्या कडा एकमेकांत बसायच्या, फुटलेल्या बांगडीसारख्या. एकही चुकला नाही. दोन दिवस मी त्याला त्याचीच सगळी गोष्ट सांगत होते, त्यानं जिथं खोकलून थांबवली होती तिथं थांबून. आधी तो भराभर लिहीत होता. मग हळू लिहायला लागला. मग पेन्सिल नुसतीच हातात...

“तू एवढं ऐकून राह्यली होती?” त्यानं विचारलं.

“कान होते, म्हून ऐकलं,” मी म्हणाले. “पुढचा ठोकळा द्या.”

पण हे बोलताना मला कळलं, की मी सगळ्या पेट्या त्याच्यासमोर उघड्या टाकल्या होत्या, आणि आता झाकण लावायला फार उशीर झाला होता.

शेवटच्या पेटीत वीतभर जागा रिकामी राहिली. बिंदूचा दगड. तो मी बादलीजवळ ठेवून गेले होते. ढिगात नाही, चिखलात नाही. उकंडा चाचरत म्हणाला, “घरी तर... चुकून... तू नेला नाही ना?” म्हणजे आता चोरसुद्धा. मी उत्तर न देता घरी आले, पाणी प्यावं म्हणून चुलीपाशी गेले, तर आई त्याच दगडानं लसूण-मिरची कुटत होती. डबा घेऊन आली होती तेव्हा तिनं उचलून आणलेला.

मी हात धरला तशी ती चिडली. “त्या भोकातून चार महिन्यांत एक कामाची वस्तू निघाली, तेही तुले पाहवेना?” आणि मी दाराबाहेर पडताना, “त्या पोराची माय जिवंत हाये का, विचार. मलकापूरकडचे हायेत, आपल्यातलेच. मी चौकशी केली.”

दगडाची कड कडेला चपखल बसली. लसूण-मिरचीचा वास मात्र तीनदा धुऊनही गेला नाही.

गुरुवारी साहेब आले. पेट्या नीट होत्या, ठोकळे जागेवर होते. उकंडा गप्प बसला असता तर काही कळलं नसतं. पण तो उभा राहिला आणि त्यानं पावसापासून चहापर्यंत सगळं सांगितलं. मला वाटलं, याच्या डोक्यात तोच हातोडा घालावा.

साहेब लाल झाले. एका लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईच्या आठवणीवर सरकारी कागद करायचा का, असं त्यांनी विचारलं. माझ्याकडं पाहूनही नाही, उकंडाला. मग मीच पुढं झाले.

“साहेब, तुम्ही कोणचेही पाच गोटे काढा. मले तिकडं तोंड करून उभी करा. मंग मिसळून द्या.”

त्यांनी पाच नाही, अकरा काढले. मी हात लावून लावून मांडले. त्यांनी गुडघ्यावर बसून एकेक कड भिंगानं पाहिली. शेवटच्या दगडापाशी त्यांनी वास घेतला, पुन्हा घेतला, आणि विचारलं, की याला मिरचीचा वास का येतो.

“सुरुवातीचा हाये साहेब,” उकंडा म्हणाला. “तिखटच असणार.”

साहेब हसले नाहीत, पण वहीत लिहिलं. दगड धुणाऱ्या बाईनं आठवणीतून क्रम लावला, कडा जुळवून तपासला. माझं नाव विचारून लिहिलं. उकंडाची नोकरी राहिली, मात्र त्याच ट्रकमधून पेट्यांबरोबर त्याला मलकापूरच्या स्टेशनावर जायचं होतं आणि तिथून पुढं.

ट्रक भरून झाला तेव्हा तो माझ्याकडं आला. म्हणाला, अडाणी म्हटलं ते...

“खरं होतं. म्हून तर राग आला.”

“अजून हाये?”

“हाये. माहा गोटा अजून भरून दिला नाही. अन् त्या बिंदूच्या आधी काय होतं, तेही सांगितलं नाही.”

त्यानं खिशातून एक कोरा ठोकळा आणि पेन्सिल काढून माझ्या हातात दिली. काही लिहून दिलं नाही. ट्रक वळणाआड गेल्यावर मी त्या ठोकळ्यावर एकपासून पाचपर्यंत आकडे काढले. पाच उलटा आला.

एकोणीस दिवस गेले. विसाव्या सकाळी मी धारेखाली फुटक्या दगडावर कोथिंबीर धुत होते. वरून कोणीतरी धापा टाकत उतरत होतं. उकंडाच होता, आणि त्याच्या खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेला एक सपाट दगड. कंडक्टरनं त्याचं वेगळं तिकीट फाडलं, असं त्यानं आल्या आल्या सांगितलं. दगड माझ्यासमोर ठेवला. मधे जरासा खोलगट, कडा झिजलेल्या. नवा नव्हता तो.

“कोणाचा उचलला?”

“आमच्या घरचाच हाये. मायचा. चाळीस वर्षं तिनं याच्यावरच कपडे धुतले.” तो घाम पुसत थांबला. “माय म्हणे, घेऊन जाय... पण गोटा घरी वापस आला पाह्यजे. अन् एकटा नाही.”

“म्हंजे तिले धुणारी पाह्यजे.”

“तिले भांडणारी पाह्यजे. माह्या बापाच्या मागं घर लय मुकं झालं, म्हणे.”

मी दगडावर पाणी ओतलं. हात ठेवला. अनोळखी होता, पण गार नव्हता. त्याच्या खांद्याची ऊब त्यात अजून होती.

“मी येईन,” मी म्हणाले. “पण पाचाच्या पुढचं शिकवलं तर. अन् आधी काय होतं ते...”

“मले माहीत नाही, भामा,” तो म्हणाला. “खरंच नाही. तुह्या आधी काय होतं, हेच मले आता आठवून नाही राह्यलं.”

इतकी वर्षं झाली. मी सहा शिकले, शंभर शिकले, मग अक्षरं, मग जोडाक्षरं. दगड मोरीत आहे. आणि ते उत्तर काही खरं उत्तर नव्हतं, याचा मला अजून राग आहे. तो समोर बसून चहा पितोय. हे त्याला वाचून दाखवलं, की पुन्हा विचारणार आहे.